घडी घालून कापलेला बदाम: इतक्या ओळखीच्या चिन्हाचा दागिना करावा का?

जुनीवही

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं झाली, मी घरच्या टेबलावर बसून दागिने घडवते. तांबं आणि चांदी, बहुतेक ब्रोच, थोडी गळ्यातली पदकं. आजवर पानं, शेंगा, गारगोट्या असले आकार केले. गेल्या महिन्यात कपाट आवरताना दुसरीतली एक वही हाताला लागली आणि तिच्यातून कागदाचा बदाम खाली पडला.

बदाम म्हणजे पत्त्यातला. कागद दुमडायचा, घडीच्या बाजूने अर्धा आकार कापायचा, उघडला की पुरा. आपण सगळ्यांनीच केलाय. हा तळहाताएवढाही नाही. लाल खडूने रंगवलेला, आणि खडू इतका दाबून फिरवलाय की मागून बोट फिरवलं तर रेघा लागतात. डावा गाल फुगीर, उजवा बसका. कापताना कागद कात्रीत सरकला असणार. मधोमध घडीची रेघ. तिच्यावरचा रंग उडालाय आणि खालचा पांढरा कागद दिसतोय.

त्या रेघेने मला वेड लावलंय. यावरून पाच-सहा ब्रोच करायचे मनात आहे. अडचणी दोन.

पहिली, हे चिन्ह वापरून वापरून पार झिजलंय. फोनवर दिवसातून वीसदा आपण ते दाबतो. त्याचा दागिना केला तर त्यात माझं काही उरेल, की तो हजार बदामांतला आणखी एक होईल?

दुसरी, तांब्याचा ०.५ मिमीचा पत्रा दुमडून, कापून पाहिला. उघडताना घडीवरच चिरला. तीनदा. कुठे चुकतंय?

रुमालवाला

रुमाल टाकून ठेवतो. या विषयावर खरंच काही सांगायचंय, निवांत लिहीन.

ठिणगी

आधी दुसऱ्या प्रश्नाचं घेतो, कारण त्याला उत्तर आहे.

तुम्ही पत्रा मऊ न करताच उघडताय. धातू वाकवला, ठोकला, कापला की कडक होत जातो. घडीच्या रेघेवर सगळ्यात जास्त ताण आलेला असतो, म्हणून तिथेच चिरतो. असं करून बघा:

पत्रा ०.३ मिमीचा घ्या. एवढ्या लहान आकाराला ०.५ जड पडतो. खोलीतला दिवा मंद करा, पत्रा अंधुक लाल दिसेपर्यंत तापवा आणि पाण्यात बुडवा. भर उजेडात तो लाल रंग दिसत नाही आणि माणूस तापवतच बसतो. मग सायट्रिक अ‍ॅसिडच्या कोमट पाण्यात ठेवून काळेपणा काढा. आता दुमडा, पण घडी पार चपटी करू नका. आत जाडसर कागदाचा तुकडा राहू द्या. लाकडी हातोडीने दाबा. कापा. काठ घासा. आणि इथे, उघडायच्या आधी, तो कागद काढून पत्रा पुन्हा तापवून मऊ करा. हीच पायरी तुमची राहतेय. उघडताना बोथट सुरी घडीत घालून थोडं थोडं फाकवा. अर्ध्यावर हाताला अडलं तर जोर लावू नका, परत तापवा.

चांदीत करणार असाल तर जपून. तांबं १०८५ अंशांना वितळतं, ९२.५ टक्क्यांची चांदी त्याच्या बरीच आधी, ८०० च्या आसपासच ढासळायला लागते. लालसर झाली की ज्योत बाजूला.

दुमडून-ठोकून-उघडून आकार काढायच्या या पद्धतीला फोल्ड फॉर्मिंग म्हणतात. चार्ल्स ल्यूटन-ब्रेन यांनी १९८० च्या दशकात ती नीट बांधली आणि शिकवली. घडीची रेघ त्यात दोष मानत नाहीत, तीच त्या कामाची सही असते.

पानवेल

स्पष्ट लिहिते, राग मानू नका. मला बदाम नको वाटतो. लहानपणाची आठवण, लाल रंग, त्यात बदाम. तिन्ही गोष्टी आधीच इतक्या गोड आहेत की बघणाऱ्याला करायला काही उरतच नाही. त्याने काय वाटून घ्यायचं ते आधीच ठरलेलं. तुमची शेंगांची मालिका मी इथेच पाहिली होती. त्यातल्या एका उकललेल्या शेंगेकडे मी दहा मिनिटं बघत होते. त्या वाटेने चालत राहा असं मनापासून वाटतं.

मधलीसुट्टी

बदाम सात ज्याच्याकडे, त्याने डाव सुरू करायचा असतो. जुनीवहीने उतरवलाय, आता पानवेल पास म्हणाल्या. पुढचं पान कोण लावतंय?

शाईपेन

मी लावतो.

पानवेल यांचा मुद्दा खरा आहे, पण तो आपण ‘हार्ट’ म्हणतो त्याला लागू पडतो. मराठीत लहानपणी हा आकार आपल्याला ‘बदाम’ म्हणूनच भेटला. त्यात प्रेमबिम काही नव्हतं. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, त्यातला एक. कापायला सोपा, रंगवायला मजेचा, म्हणून काढायचो. त्याचा अर्थ पुढे कोणीतरी शिकवला, आणि मग तो काढताना आपण लाजायला लागलो. जुनीवहींच्या हातातला कागद त्या शिकवणीच्या आधीचा आहे. धातूत तेवढं उतरलं तरी खूप झालं.

आकाराचं म्हणाल तर तो फार जुना आहे. लिबियात सायरीन नावाचं प्राचीन ग्रीक शहर होतं. तिथल्या इसवी सनापूर्वीच्या चांदीच्या नाण्यांवर सिल्फियम नावाच्या वनस्पतीचं फळ कोरलेलं आहे, हुबेहूब बदाम. ग्रीक भांड्यांवर आयव्हीच्या वेलीची पानं आहेत, तीही तशीच. यांचा प्रेमाशी धागा जोडतात तो तर्कच आहे. पंधराव्या शतकातल्या जर्मन आणि फ्रेंच पत्त्यांत मात्र तो स्पष्ट लाल बदाम होऊन बसला आणि तिथून हलला नाही.

तुमच्या बसक्या गालाला एक आधारही सापडतो. स्कॉटलंडमधले लकनबूथ ब्रोच शोधून बघा. एडिंबरात सेंट जाइल्स चर्चजवळ कुलूपबंद होणाऱ्या छोट्या टपऱ्या होत्या, तिथे ते विकले जात, त्यावरून हे नाव पडलं. त्यातल्या कित्येक बदामांचं खालचं टोक मुद्दाम एका बाजूला वळवलेलं असतं. प्रेमाची भेट म्हणून देत, आणि वाईट नजर लागू नये म्हणून तान्ह्या बाळाच्या कपड्यालाही टोचत.

पानवेल

शाईपेन, ‘शिकवणीच्या आधीचा’ हे पटलं. पण बघणाऱ्याला ते कसं कळणार? त्याच्यापुढे तर फक्त ब्रोच येणार, वहीची गोष्ट नाही.

जुनीवही

सगळ्यांचे आभार. ठिणगीदादा, आज रात्रीच करून बघते.

पानवेल, राग कसला? हीच शंका मला झोपू देत नाहीये. एक घडलेलं सांगते, म्हणजे मी कशाला घाबरते ते कळेल. पत्रा चिरत होता तेव्हा मी दुसरा मार्ग धरला. त्या कागदावरून मेणाचा बदाम केला, डावा गाल फुगीर, उजवा बसका, घडीची रेघ सुईने ओढलेली, आणि एका ठिकाणी चांदीत ओतायला दिला. आठवड्याने हातात आला तो गुळगुळीत, दोन्ही गाल सारखे, रेघ गायब. ते म्हणाले, “तुमच्या मेणात चूक राहिली होती, आम्ही सरळ करून दिली.” चांगल्या मनाने केलं होतं हो त्यांनी. पण मी तो बदाम हातात घेऊन बसले तर मला काहीच वाटेना. कोणाचाही असू शकला असता तो. माझ्या टेबलावर दोन दिवस पडला होता, मग वितळवून टाकला.

म्हणजे जे काही आहे ते त्या ‘चुकीत’ आहे एवढं मला कळलंय. ते दुसऱ्याला कसं दिसावं, हे कळत नाही.

आणखी एक. घडी घालून कापायला मला ताईने शिकवलं. माझ्या मागे उभी राहून, माझ्या हातावर हात ठेवून. त्यामुळे तो बसका गाल नक्की कोणाच्या हाताने झाला, हेही सांगता येणार नाही.

ऐरण

चाळीस वर्षं हातोडी धरली आहे, त्या अधिकाराने थोडं कडक लिहितो.

बाई, तुम्ही त्या कागदाची नक्कल करताय. मेणात केलीत, आता पत्र्यातही तेच कराल. सात वर्षांच्या मुलीच्या हातून सरकलेली कात्री मोठेपणी मापून, ट्रेस करून पुन्हा काढली की तो देखावा होतो. बघणाऱ्याला नेमकं बोट ठेवता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे कळतं. वेडंवाकडं काढायचं म्हणून काढलेलं वेडंवाकडं फार लवकर ओळखू येतं.

कागद समोरून उचला. वहीत ठेवून द्या. पत्रा दुमडा आणि हाताने, न आखता, एका दमात कापा. तेव्हा जे केलंत तेच करा. तेव्हा जे झालं ते पुन्हा करू नका. आजच्या हाताची आजची चूक होईल. ती खरी असेल. पत्रा कात्रीला कागदापेक्षा जास्त छळतो, त्यामुळे चूक होईल याची काळजी नको.

ठिणगी

ऐरणकाका, याच्यापुढे मी काही लिहीत नाही. एकच जोडतो: उघडल्यावर पॉलिशचं चाक लावू नका. घडीची रेघ पहिल्या फटक्यात जाईल.

कोपऱ्यातली खुर्ची

मी दागिने करत नाही, घालते. तेव्हा त्या बाजूने लिहिते.

माझी मुलगी पाच वर्षांची असताना तिने काढलेला एक बदाम मी चांदीच्या छोट्या चकतीवर कोरून घेतला. रेघ शेवटी जुळलेली नाही, खाली टोकाशी दोन मिलिमीटरची फट आहे. कोरणाऱ्याने विचारलं, जोडू का? मी नको म्हटलं. ती चकती रोज गळ्यात असते. गेल्या नऊ वर्षांत निदान वीस जणांनी तरी तिच्याकडे बघून तोच प्रश्न विचारलाय: “हे कोणी काढलं?” बदाम का, असं कोणी विचारलं नाही. छान आहे, असंही फारसं कोणी म्हटलं नाही. कोणी काढलं, एवढंच.

पानवेल, तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर हे. बघणाऱ्याला गोष्ट कळत नाही, पण कोणाचा तरी हात होता हे कळतं, आणि मग तो विचारतो.

मुलगी आता चौदाची आहे. मैत्रिणी घरी आल्या की मला ती चकती आत टाकायला लावते. परवा मी आजारी होते तर उशाशी बसून त्या फटीत नख फिरवत होती.

मधलीसुट्टी

हे वाचून जरा वेळ नुसती बसून राहिले.

निळासुतार

कोणीतरी ऑटो कुंझलीचं नाव काढेल म्हणून थांबलो होतो. नाही निघालं, म्हणून लिहितो.

कलेचा दागिना हा प्रकार युरोपात रुजवणाऱ्यांपैकी ते एक. स्विस, जन्म १९४८ चा, म्युनिकच्या कला अकादमीत बरीच वर्षं शिकवलं. १९८० मध्ये त्यांनी काळ्या रबराची बांगडी केली. आत सोन्याचा गोळा. बाहेरून फक्त एक फुगवटा दिसतो. सोनं बघायचं तर रबर झिजेपर्यंत वापरा नाहीतर कापा. नाव ठेवलं ‘सोनं आंधळं करतं’. आणि याच माणसाने १९८५ मध्ये काय केलं? एक लाल बदाम. कडक फोमचा, वरून चकचकीत लाल लाखेचा थर, मागे पिन. ना नक्षी, ना खडा. इतका उघड की घालणाऱ्याला धीर करावा लागतो. म्हणजे झिजलेलं चिन्ह घ्यायला मोठी माणसंही घाबरली नाहीत.

एल्सा पेरेट्टी यांनी १९७४ मध्ये टिफनी या दागिन्यांच्या कंपनीसाठी केलेला उघडा बदाम तर बहुतेकांनी पाहिला असेल, नाव माहीत नसलं तरी. एका बाजूला झुकलेला, मधे पोकळ, साखळी त्या पोकळीतूनच जाते. हेन्री मूरच्या शिल्पांमधल्या पोकळ्या बघून तो सुचला, असं त्या सांगत. तिथेही दोन्ही गाल सारखे नाहीत.

आणि लाल खडूवरून आठवलं. न्यूयॉर्कसाठी मिल्टन ग्लेझरने केलेलं ते बदामाचं बोधचिन्ह, १९७७ चं. त्याचा पहिला आराखडा टॅक्सीत बसून पाकिटाच्या तुकड्यावर काढलेला आहे. लाल खडूनेच. तो चुरगळलेला तुकडा आज तिथल्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.

शाईपेन

वा! यात अलेक्झांडर कॉल्डरही हवा. हवेत डुलणाऱ्या शिल्पांसाठी तो प्रसिद्ध, पण त्याने जवळजवळ १८०० दागिने केले, सगळे स्वतःच्या हाताने. सुरुवात कुठून? आठेक वर्षांचा असताना बहिणीच्या बाहुल्यांसाठी तांब्याच्या तारेचे दागिने करायचा. पुढे आयुष्यभर तसाच करत राहिला. तार ठोकायची, वळवायची, अडकवायची. झाळकाम, म्हणजे आच देऊन डाखाने जोडणं, जवळपास नाहीच.

लालमाती

अवांतर: लाल रंगासाठी मिन्याचा (धातूवर भाजून बसवायचा काचेचा रंग) विचार करत असाल तर एक इशारा. पारदर्शक लाल थेट चांदीवर घातलात तर तो तपकिरी-नारिंगीकडे जातो, खाली रंगहीन थर लागतो. तांब्यावर अपारदर्शक लाल चांगला बसतो, ८०० अंशांच्या आसपास दोन-तीन मिनिटं. मागच्या बाजूलाही मिना घाला, नाहीतर पातळ पत्रा वाकतो आणि तडे जातात.

पण घडीत मिना साचेल आणि तिथेच फुटेल, ही माझी खरी भीती. मी असते तर रंग घातलाच नसता. तापवल्यावर तांब्यावर जो लाल-जांभळा येतो तो थोडा राखता आला तर बघा.

ठिणगी

लालमाती यांना अनुमोदन. आणि पिन झाळू नका. एवढी आच लागली की पातळ बदाम पुन्हा मऊ होऊन अंगावर वाकेल. दोन भोकं पाडून रिपिट (रिव्हेट) मारा, कॉल्डरसारखं.

रुमालवाला

रुमाल उचलतो. उशीर झाला, माफ करा.

लंडनमध्ये टाकून दिलेल्या मुलांसाठी १७३९ साली एक संस्था स्थापन झाली, फाउंडलिंग हॉस्पिटल. परिस्थितीने हतबल झालेल्या आया तिथे तान्ही बाळं सोडून जात. नाव सांगायचं नसे. पुढे कधी मूल परत न्यायला आलंच तर ओळख पटावी म्हणून बाळासोबत एखादी खूण ठेवत: नाण्याचा तुकडा, रिबन, कापडाची चिंधी. त्या नोंदवह्यांमध्ये अशा कापडाचे हजारो तुकडे अजून टाचलेले आहेत. त्यात बदाम आहेत. लाल लोकरी कापडातून कापलेला एक आहे.

त्यातलीच एक खूण म्हणजे चिंध्या जोडून शिवलेला एक तुकडा, वर लाल दोऱ्याने भरलेला बदाम. तो मधोमध कापलेला आहे. १७६७ मध्ये सेरा बेंडर नावाच्या बाईने तान्ह्या मुलाबरोबर अर्धा तिथे ठेवला आणि अर्धा स्वतःकडे. १७७५ मध्ये ती तो अर्धा घेऊन परत आली आणि मुलगा तिला मिळाला. परत नेली गेलेली मुलं फार थोडी होती.

जुनीवही, तुमचा पहिला प्रश्न होता की झिजलेल्या चिन्हात माझं काय उरेल. त्या बाईने तर सगळ्यांच्या ओळखीचं चिन्ह घेतलं होतं. फक्त ते कापलं कुठून, हे तिचं होतं. दुसरा कोणताही अर्धा त्याला जुळला नसता.

माझी विनंती एवढीच, की बदाम कापून झाल्यावर उरलेला पत्रा टाकू नका. त्यालाही घडी आहे.

पानवेल

मी वर नको म्हटलं होतं. आता करा म्हणते. शेंगा थांबतील.

ऐरण

उरलेल्या पत्र्याची गोष्ट सुचायला हवी होती मला. जरूर उघडा तोही. मऊ करूनच.

जुनीवही

बारा दिवसांनी लिहितेय.

कागद वहीत ठेवून वही कपाटात ठेवली. ०.३ चा पत्रा, दिवा मंद, सगळं ठिणगीदादांनी सांगितलं तसं. पहिला उघडला, पण आत कागद ठेवायला विसरले होते, घडीवर केसाएवढी चीर गेली. दुसरा नीट उघडला. उघडताना आवाज होत नाही, हाताला फक्त जाणवतं की आता सुटतोय. दोन्ही गाल जवळजवळ सारखे निघाले आणि माझा जीव खट्टू झाला. मग दिसलं की टोक डावीकडे गेलंय. माझं मनगट शेवटी वळतं, ते मला आजवर माहीत नव्हतं. तिसऱ्यातही गेलं. चौथ्यातही.

पॉलिश केलं नाही. रंग घातला नाही. तापवल्याचा जांभळट डाग उजव्या गालावर राहिलाय तो राहू दिला. पिन रिपिटने बसवली, दोन ठिपके पुढून दिसतात. घडीची रेघ उठलेली असल्यामुळे अंगठा आपोआप तिच्यावरून फिरतो. चार दिवस मीच घालून हिंडतेय आणि तेवढी रेघ चकाकायला लागली आहे, बाकी बदाम मंदच आहे. कागदावर तिथला रंग उडाला होता, इथे तिथेच उजळतंय.

काल दुकानात रांगेत उभी असताना मागच्या बाईंनी विचारलं, “हे तुम्ही स्वतः कापलंय का?”

रुमालवाला, उरलेला पत्राही उघडला. मधे बदामाएवढं भोक असलेला चौकोन झाला. त्यालाही पिन लावली आणि तो ताईला नेऊन दिला. तिने तो हातात घेतला, माझ्या कोटावरचा बदाम काढायला लावला आणि दोन्ही टेबलावर ठेवून एकात एक बसवायला गेली. बसले नाहीत. काठ कानशीने घासले होते, तेवढी फट राहिली सगळीकडून.

ती म्हणाली, “तेव्हाही बसला नव्हता. तू रडली होतीस.”

मला ते अजिबात आठवत नाही. फोटो उद्या टाकते.